समुद्राचे पोहे

"भाऊ, पाणी थांबतं किती येळ?"

भागाकाकीनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. सन तीसच्या आगेमागेची गोष्ट. रत्नागिरीच्या बंदरावरच्या सरकारी चौकीत मी कारकून म्हणून नुकताच आलो होतो. मूळचा साताऱ्याकडचा. समुद्राची मनातून भीती वाटायची, आणि ती कुणाला कळू नये म्हणून दिवसभर वहीत मान घालून बसायचो. आवाज ऐकून मान वर केली, तर खिडकीत एक उंच, काटक बाई उभी. चाळिशी ओलांडलेली, कपाळ मोकळं, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. उजवा हात तिनं डाव्या हातानं कोपरापाशी उचलून धरला होता, दुसऱ्याचं मूल सांभाळायला घ्यावं तसा.

"भरतीची वेळ हवीय का?" मी विचारलं.

ती हसली. "भरतीची येळ तुमाला मी सांगतंय. तिथीवरनं शेंबडं पोर पण सांगेल. भरून झाल्यावर नि उतरायच्या आधी पाणी थांबतं ना, ते किती येळ थांबतं? तुमची पट्टी हाय ना धक्क्याला?"

धक्क्याच्या भिंतीला फुटांच्या खुणा केलेली एक लांब लाकडी पट्टी ठोकलेली होती. दिवसा दर अर्ध्या तासानं पाणी कुठल्या खुणेला आहे ते टिपून ठेवावं, असा त्या वर्षी वरून हुकूम आला होता. कशासाठी, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी आपला टिपत होतो. त्या वहीचा या जगात कुणाला उपयोग असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पानं चाळून मी म्हणालो, "हे रोज सारखं नसतं."

"मग रोजचं सांगा," असं म्हणून ती खिडकीखाली ओटीवर बैठक मारून बसली.

"पण हवंय कशासाठी?"

"मुसळासाठी."

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलेलं असावं. चौकीतला शिपाई मात्र गालात हसत होता. भागाकाकी कोण आणि मुसळ कसलं, हे त्या बंदरावर माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

भागाकाकी मिऱ्याच्या डोंगराखाली समुद्राला लागून राहायची. नवरा आगबोटीवर खलाशी होता, तो एका फेरीला गेला आणि तापानं परमुलखातच वारला. मूलबाळ नव्हतं. पोहे कांडून ती पोट भरायची. भात भिजवायचं, निथळायचं, तापलेल्या खापरात भाजायचं आणि गरम आहे तोवर उखळात घालून मुसळानं चेपायचं. गावातली दहा-बारा घरं वर्षानुवर्षं तिच्याच हातचे पोहे खात. मी येण्याआधीच्या पावसाळ्यात ती जळणाची मोळी घेऊन येताना ओल्या कातळावरून घसरली आणि उजवा खांदा निखळला. वैद्यानं बसवला, पण हात छातीच्या वर जाईना. मुसळ संपलं.

लांज्याला तिचा धाकटा दीर होता, विठोबा. शेतकरी माणूस, स्वभावानं सरळ. त्यानं निरोप पाठवला, की वैनी, आता एकटी राहू नको, इकडं ये. निरोपात खोट काहीच नव्हती. पण लांजा म्हणजे समुद्रापासून आत दिवसभराची बैलगाडीची वाट. आणि जाऊन करायचं काय? "पडवीत बसून कोंबड्या हाकायच्या," भागाकाकी म्हणायची. "तिकडं लाटेचा आवाज नाय. माला झोप कशी लागायची?" तिनं उलट निरोप धाडला, की दिवाळीपर्यंत बघतंय, नाही जमलं तर येतंय.

मुसळाचं खूळ तिच्या डोक्यात कसं आलं, ते मला उस्मानभाईंनी सांगितलं. उस्मानभाई हे होड्या बांधणारे सुतार, राजिवड्याचे. तरुणपणी आगबोटीवर काम केलेले, त्यामुळं यंत्रं पाहिलेला बंदरावरचा तो एकच माणूस. हात गळ्यात बांधून भागाकाकी वाळूत बसलेली असायची. समोर नांगरलेला पडाव लाटेबरोबर वर-खाली, वर-खाली व्हायचा. तीन दिवस तिनं ते बघितलं. चौथ्या दिवशी ती उस्मानभाईंच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि समुद्राकडं हनुवटी करून म्हणाली, "हा मेला दिवसभर उठतो नि बसतो. एवढ्या उठाबशा काढतो, त्यात माजं एक मुसळ उचललंन असतं तर काय बिघडलं असतं?"

समुद्राला ती नेहमी 'हा' म्हणायची. घरात एखादा आळशी दीर बसून खात असावा, तशा सुरात.

माणसांना नावं ठेवण्याचीही तिची तऱ्हा वेगळी होती. ज्याचा जो उपयोग, ते त्याचं नाव. उस्मानभाईंना ती 'रंधा' म्हणायची. वैद्याला 'कडू'. मी त्या दिवसापासून 'पट्टीभाऊ' झालो, तो रत्नागिरी सोडेपर्यंत. पुढं माझं लग्न झालं आणि बायको आली, तर तिला पहिल्याच भेटीत विचारलं, "काय येतं गो तुला?" बायकोनं घाबरून सांगितलं, शिवण येतं. ती 'सुई' झाली.

तिच्या घराखाली खडकांत एक घळ होती. दोन्ही बाजूंना उभे काळे कातळ आणि मध्ये हातभर-दोन हात रुंदीची फट. लाट बाहेर फुटायची आणि पाणी त्या घळीत न फुटता नुसतं फुगायचं, मग खाली बसायचं, विहिरीनं श्वास घ्यावा तसं. ही जागा तिनंच हेरली होती. घळीच्या माथ्यावर उस्मानभाईंनी दोन खांब रोवले, त्यांवर आडवा वासा टाकला, वाशाला दोन कप्प्या बांधल्या. दोराचं एक टोक घळीतल्या तरंगत्या वस्तूला, दुसरं कातळावर ठेवलेल्या उखळातल्या मुसळाला.

पहिली तरंगती वस्तू म्हणजे एकत्र बांधलेले चार रॉकेलचे डबे. मी सुट्टीचा दिवस म्हणून पाहायला गेलो होतो. डबे लाटेबरोबर झोकात वर आले. दोर सैल पडला. डबे खाली गेले. दोर थोडा ताणला, आणि मुसळ जागचं हललं नाही. तिसऱ्या-चौथ्या लाटेनं डबे कातळावर आपटले आणि पापडासारखे चेपटले.

मला वाईट वाटलं. भागाकाकीकडं बघतो तर ती खदाखदा हसत होती. तिचं हसणं पोटातून यायचं आणि शेवटी खोकल्यात संपायचं. खोकला थांबल्यावर ती म्हणाली, "काय झालं ते कळलं तर!"

हे तिचं ठरलेलं वाक्य. काही करण्याआधी म्हणायची, "बगूया तर!" आणि फसल्यावर, "काय झालं ते कळलं तर!" या दोन वाक्यांच्या मध्ये तिचा सगळा उद्योग चालायचा. इतर माणसं फसल्यावर जो वेळ गप्प बसण्यात घालवतात, तो तिच्याकडं नव्हताच.

"काय कळलं?" उस्मानभाई जरा चिडूनच म्हणाले. "डबा वर येतो तेव्हा दोर सैल. लाट वर उचलते, आपल्याला तर खाली ओढायला हवी. पाण्याच्या तळाशी कप्पी बसवली तर होईल. पण तळाशी जाणार कोण?"

भागाकाकी घळीच्या काठावर उकिडवी बसली. दोन-तीन लाटा येऊन गेल्या. मग म्हणाली, "रंध्या, वर जाताना नको. खाली बसताना ओढूंदे. हलकं कशाला तरंगवायचं? जड तरंगव."

उस्मानभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. आगबोटीच्या यंत्रशाळेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला जे सुचलं नव्हतं, ते तिला बसल्या जागी सुचलं होतं. त्यांनी एक जुनं तेलाचं पिंप आणलं, बुडेल न बुडेल इतके दगड त्यात भरले आणि तोंड डांबरानं बंद केलं. आता लाट पिंपाला वर न्यायची, मुसळ उखळात उतरायचं. पाणी खाली बसलं की पिंप आपल्या वजनानं खाली जायचं आणि मुसळ वर उठायचं. पहिल्यांदा ते मुसळ आपलं आपण वर आलं, तेव्हा भागाकाकीनं दोन्ही हात जोडले. उजवा हात जेमतेम छातीपर्यंत आला.

"उचललंन!" ती ओरडली. "उचललंन बाबा एकदाचं!"

आता सगळं सुरळीत होईल असं मला वाटलं. पण खरी अडचण पुढंच होती, आणि तिचा पहिला प्रश्न तिथला होता. भरती चढत असते, तसं पिंप चढतं आणि दोर ढिला पडतो. ओहोटीत पिंप उतरतं आणि मुसळ हवेतच लटकून राहतं. कुणीतरी दोर सतत घट्ट-सैल करत बसावं लागे, आणि तेवढ्यात भाजलेलं भात गार होई. गार भाताचे पोहे होत नाहीत, नुसती कणी होते. म्हणजे पाणी जितका वेळ एका पातळीला राहील, तितकाच वेळ काम. त्या वेळेलाच खापरातलं भात तयार हवं.

तेव्हा कळलं, तिला माझी वही का हवी होती. तिला अक्षर येत नव्हतं. मी आकडे वाचायचो, ती डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच बोट वर करायची. "थांबा. ही कुठली तिथ?" असे आम्ही तीन-चार दिवस बसलो. पुनव-अवसेला उधाण येतं, पाणी खूप चढतं नि खूप उतरतं, आणि त्यामुळंच एका जागी टिकत नाही. अष्टमीच्या सुमाराला भरती लहान असते, कोळी त्याला भांग म्हणतात. त्या दिवसांत पाणी इतकं मंद हलतं, की वहीतल्या ओळीमागून ओळी जवळजवळ सारख्याच.

"म्हणजे समुद्राला जोर कमी असतो तेव्हा," मी म्हणालो.

"जोर नको माला त्याचा," भागाकाकी डोळे उघडून म्हणाली. "थारा हवा."

वैशाखात एक मोठी फजिती झाली. मुसळ नुसतं दोराला टांगलेलं होतं. एक दिवस वारं सुटलं नि लाटा वाढल्या. पिंपानं असा हिसका दिला, की मुसळ उखळातून उडून बाहेर आलं आणि झोके घेत सुटलं. पहिल्या झोक्यात त्यानं खापर फोडलं, दुसऱ्यात उस्मानभाईंची टोपी समुद्रात घालवली. उस्मानभाई खाली पडून राहिले, डोक्यावरून मुसळ जातंय, आणि भागाकाकी लांबून ओरडतेय, "रंध्या, उठू नको! रंध्या, मोज किती झोके घेतंय ते!" शेवटी उस्मानभाईंनी कोयत्यानं दोर कापला. सांडलेल्या भातावर कावळे आणि कुर्ल्या एकदमच तुटून पडल्या. दुसऱ्या दिवशी उस्मानभाईंनी एक जाड फळी आणली, तिला मधोमध भोक पाडलं आणि मुसळ त्यातून ओवलं. त्यानंतर ते सरळच खाली-वर व्हायचं.

पावसाळ्यात समुद्राच्या वाटेला कुणी जात नाही. खांब, वासा, पिंप सगळं तिच्या पडवीत आलं. मला वाटलं, चार महिने आता विश्रांती. पण एका दुपारी मी तिच्याकडं गेलो, तर ती न्हाणीघरातल्या घंगाळापुढं बसलेली. घंगाळ पाण्यानं भरलेलं. त्यात करवंटी तरंगत होती, करवंटीत खडे होते. करवंटीला दोरा, दोरा एका काठीवरून, आणि पलीकडं बोटभर काडी. ती तळव्यानं पाणी हलवत होती आणि करवंटी कशी कलंडते ते बघत होती.

"खडे एका अंगाला घातले तर लोळतं," ती मला न बघताच म्हणाली. "बुडाला, मधोमध घातले तर सरळ राहतं. पट्टीभाऊ, वाईच जोरात हलवा पाणी. समुद्रासारखं हलवा."

मी साताऱ्याचा माणूस, घंगाळात समुद्र करत बसलो. खरं सांगायचं, तर समुद्राची माझी भीती त्या घंगाळातच गेली.

नारळी पौर्णिमेला सगळं बंदर किनाऱ्यावर जमलं. रामा तांडेल म्हणून एक म्हातारा होता, होड्यांवरच्या माणसांत त्याचा शब्द मानत. तो सगळ्यांसमोर भागाकाकीला म्हणाला, "भागे, आमी ह्याला हात जोडतो नि तू ह्याला मोलकरणीसारखं राबवतेस. ह्यो कोपला तर भोगणार आमी."

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती. त्यातल्या बहुतेकांच्या घरातलं कुणी ना कुणी समुद्रात गेलेलं होतं, तिच्याही घरातलं. भागाकाकी पुढं झाली. तिनं नारळ सोडला. मग कनवटीची पुरचुंडी सोडून मूठभर पोहे पाण्यात टाकले. चैत्रात पिंपावर निघालेले, अर्धे कणी झालेले पोहे होते ते.

"हे तुजेच हायत," ती समुद्राला म्हणाली, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "तूच कांडलेस. चांगले नाय झाले, माजी चूक. राबवत नाय मी तुला. माजा माणूस तुज्यावर राबला, आता वाईच तू माज्याबरोबर बस."

तांडेल तिच्याजवळ आला. मग हात पुढं करून म्हणाला, "बगू. उरलेत काय त्यातले?" त्यानं चार दाणे तोंडात टाकले, चावले आणि वाकडं तोंड केलं. "खारट."

"तुला गोड करून देतंय दिवाळीत," भागाकाकी म्हणाली, आणि पहिल्यांदा हसला तो तांडेलच.

पोहे खारट का, तर घळीचे तुषार उखळात उडायचे. तेवढ्यासाठी उखळ चार हात मागं घेतलं. पण दुसरी अडचण मोठी होती. बाईमाणूस मुसळाचे भराभर घाव घालतं. समुद्र आपल्या सवडीनं घालायचा, एक घाव, मग बसून राहायचा, मग दुसरा. तोवर भात गार. यावर उस्मानभाईंकडं उपाय नव्हता, माझ्याकडं तर नव्हताच. भाद्रपद सगळा यातच गेला.

भागाकाकी एका सकाळी तांडेलाच्या अंगणातून जात होती. तिथं त्याच्या होडीची मोडकी डोलकाठी पडलेली. सागाची, मांडीएवढी जाड. ती थांबली. पायानं लोटून बघितली, हलेना. तशीच आत जाऊन तांडेलाला म्हणाली, "मुसळ माणसानं उचलायचं म्हणून हलकं असतं. हा उचलणार, तर हलकं कशाला? त्याचा एक घाव आपल्या दहा घावांएवढा हवा."

तांडेलानं डोलकाठी दिली. नुसती दिली नाही, पुरुषभर तुकडा स्वतः कापून, बुडाला लोखंडी कडं बसवून दिला. पिंपं एकाची दोन झाली.

दसरा झाला आणि विठोबा गाडी घेऊन आला. मी तेव्हा तिथंच होतो. तो पडवीच्या कडेला टेकला, पाणी प्यायला, आणि डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवत म्हणाला, "वैनी, बोचकं बांध. लोक माला नावं ठेवतात, भावाची बायको एकटी टाकलीन म्हणून."

"दिवाळी कुठं झाली?"

"आता पंधरा दिवसांवर तर आली. काय फरक पडतो?"

भागाकाकी त्याच्यासमोर बसली. एवढ्या महिन्यांत तिचा आवाज खाली आलेला मी तेव्हाच ऐकला. "भावोजी, अकरा घरांनी नवं भात आणून टाकलंय. ह्या भांगात मी त्यांचे पोहे देतंय. नाय जमलं तर अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन गाडीत बसतंय. तुमाला परत एक शब्द बोलायला लागणार नाय."

विठोबानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. तो म्हणाला, "बरं. राहतंय अष्टमीपर्यंत."

आश्विन वद्य अष्टमीची सकाळ. भरती उजाडताना भरायची होती. घळीच्या वरच्या कातळावर दोन चुली मांडल्या होत्या. शेजारच्या बायका भात भाजायला आल्या होत्या, त्यांचंच भात होतं त्यात. उस्मानभाई कप्प्यांना तेल देत होते. मी कातळाला एक खुणेची काठी टेकवून पाणी बघत होतो. विठोबा जन्मात समुद्रात उभा राहिलेला नव्हता. तो लांब एका दगडावर आखडून बसला होता.

"चढतंय," मी म्हणालो. "अजून चढतंय. मंद झालं. थांबलं!"

"घाला!" भागाकाकी ओरडली.

बायकांनी गरम भात उखळात ओतलं. पाणी फुगलं, पिंपं वर आली, डोलकाठी खाली उतरली. धप्प. नुसता आवाज नव्हता, पायांखालचा कातळ हलला. पिंपं बसली, डोलकाठी उठली. भागाकाकीनं लांब दांड्याच्या करवंटीनं भात वरखाली केलं. धप्प. परत फिरवलं. धप्प. पाच-सहा घावांनंतर तिनं करवंटीत चार पोहे काढले, उजेडात धरले. कागदासारखे पातळ, अखंड, जरासे हिरवट. तिनं तोंडात टाकले. आम्ही सगळे तिच्या जबड्याकडं बघत होतो.

तिनं करवंटी तशीच रामा तांडेलापुढं धरली. तांडेलानं चावले. सावकाश चावले.

"गोड हायत," तो म्हणाला.

मग जो कल्ला झाला तो काय सांगू! बायका एकमेकींना ढकलून पुढं येऊ लागल्या, माझं आधी, माझं आधी. उस्मानभाई दोराशी उभे होते. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की जड डोलकाठीनं दोर ताणून लांबलाय आणि ढिला पडतोय. एकट्यानं तो खेचेना. "अरे कुणी या!" ते ओरडले. जवळ कुणीच मोकळं नव्हतं. विठोबा उठला. धोतर वर खोचून तो खडकांवरून उड्या मारत आला आणि त्यानं दोर धरला. नांगर धरणारे हात ते. दोर तिथंच थबकला. तेवढ्यात एक लाट आली आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत भिजवून गेली. विठोबानं दोर सोडला नाही. तोंडात गेलेलं पाणी थुंकून तो पहिल्या पावसात भिजलेल्या शेतकऱ्यासारखा हसायला लागला.

"वैनी," तो ओरडला, "हे जनावर ताकदीचं हाय गो!"

विठोबा अष्टमीनंतर गेला नाही. सकाळ-संध्याकाळच्या भरत्या धरून त्यानं आणखी तीन दिवस दोर सांभाळला. अकराही घरांचे पोहे निघाले. शेवटच्या दिवशी त्यानं बैल जुंपले आणि गाडीजवळ घुटमळत म्हणाला, "मग वैनी, गाडी रिकामी नेऊ?"

"रिकामी कशाला?" भागाकाकी म्हणाली, आणि तिनं पोह्यांनी गच्च भरलेली गोणी गाडीत ठेवायला लावली. "जावेला सांगा, भिजवायला पाणी कमी घाल. नि पुढच्या दसऱ्याला या. दोर धरायला माणूस लागतो."

तो दरवर्षी आला. लांज्यात म्हणे तो पाण्याच्या गोष्टी सांगायचा, आणि कुणाचा विश्वास बसायचा नाही.

त्या दिवाळीत आमच्या चौकीत सात घरांतून फराळाची ताटं आली. प्रत्येक ताटातले पोहे चिंचेच्या कोळाचे, दुधाचे, दह्याचे असे वेगवेगळे, पण कांडलेले एकाच घळीतले. गावात त्यांना 'समुद्राचे पोहे' असं नाव पडलं. बाजारपेठेतल्या एका बाईंनी विचारलं, की सोवळ्यात चालतात का? भागाकाकीनं त्यांना उत्तर दिलं, "कांडणारा दिवसभर आंघोळच करत असतो!"

यंत्र काही फार मोठं झालं नाही. महिन्यातून दोनदा भांग यायचा, त्या सात-आठ दिवसांपुरतं ते चालायचं, पावसाळाभर बंद. एकदा पिंप सुटून गेलं, एकदा खांब मोडला. दर वेळी ती हसायची, खोकायची, आणि काय झालं ते कळलं म्हणायची. तिचं पोट त्यावर भरत होतं, आणि हात दुखत नव्हता. तिला एवढंच हवं होतं. मला मात्र वाटतं, तेवढंच नव्हतं. काम नसतानाही ती घळीपाशी बसलेली दिसायची, पाण्याकडं बघत, ओठ हलवत. कधी रागावत, कधी समजावत.

माझ्या बदलीचा हुकूम आला त्या वर्षी माघात वेळणेश्वराहून दोन माणसं भागाकाकीला शोधत आली. त्यांच्या गावातल्या बायकांनी कुणा माहेरवाशिणीकडून ऐकलं होतं. आमच्या खडकांत पण घळी हायत, एकदा येऊन बघा, एवढंच त्यांचं म्हणणं. भागाकाकीनं विचार करायला एक रात्रही घेतली नाही. "बगूया तर!" म्हणाली आणि उस्मानभाईंकडून दोन नव्या कप्प्या करून घेतल्या.

ती निघाली त्या सकाळी मी आणि माझी बायको धक्क्यावर होतो. मचव्यात दोर, वासे, कप्प्या लादलेल्या. भागाकाकी दोरांच्या वेटोळ्यावर पदर खोचून बसलेली. बायकोनं तिला एक नवी चोळी शिवून दिली होती, उजवी बाही सैल ठेवून. तिनं ती अंगातच घातली होती. "पट्टीभाऊ, वही नीट लिवा," एवढंच ती मला म्हणाली आणि डावा हात हलवला.

शीड चढलं. मचवा बंदर सोडून उत्तरेकडं लागला. वारं चांगलं होतं. मिऱ्याच्या डोंगराचं टोक ओलांडलं की मचवा नजरेआड होतो, त्याला घटकाभराच्या वर वेळ लागत नाही. मी निरोप देऊन वळणार, तोच पाण्यावरून तिचा आवाज आला.

"थांबव रे! ती घळ बघ, ती! पाणी कसं उठतंय बघूंदे!"

शीड उतरलं. मचवा खडकांच्या अंगाला सरकला, थोडा वेळ डोलत राहिला. शीड चढलं. शंभर हात गेला नसेल, तर पुन्हा उतरलं. मचवा हाकणारा तांडेल काहीतरी कुरकुरत होता, वेळणेश्वरची दोन माणसं काठीनं कातळ टोचत होती, आणि ती मचव्याच्या कडेवर पोटावर ओणवी होऊन पाण्यात बघत होती. बायको म्हणाली, आता चला, ऊन चढलं. मी म्हणालो, जाईल एवढ्यात, टोकापर्यंत बघू.

ते टोक ओलांडायला त्या मचव्याला दुपार झाली.